जिथे प्राणी पळत नाहीत

गालापागोसच्या इसाबेला बेटावर तुमच्या हातात एकच अख्खा दिवस आहे, तेव्हा तारीख पक्की करण्याआधी त्या दिवसाची भरती-ओहोटी बघ. तुझे आजोबा, आमचे अण्णा, पंचांग उघडायचे, तिथीची पाऊणपट करायचे आणि भरतीची वेळ सांगायचे. एकादशी असली तर सव्वाआठ. तो हिशोब आपल्या किनाऱ्याचा झाला. गालापागोसची वेळ निराळी पडते, ती तिथल्या वेळापत्रकातूनच घ्यावी लागते. पण त्यांनी शिकवलेलं बाकीचं तिथेही तंतोतंत लागू पडतं. पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं, दुसऱ्या दिवशी साधारण पन्नास मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. उधाणाच्या दिवसांत अरुंद खाचांमधून पाणी जोराने ओढतं, म्हणून लेकीला घेऊन पहिल्यांदाच पाण्यात उतरणार असशील तर भांगाचे दिवस धर.

आणि दिवसाची आखणी पाण्यावरून कर. ओहोटीला खडकांवरचं शेवाळ उघडं पडतं तेव्हा इग्वाना चरायला उतरतात, ते बघायचं. भरती चढत आली की कोंचा दे पेर्लाच्या शांत खाजणात पोहायचं, कारण ओहोटीला तिथे खडकाला पोट घासतं की काय इतकं पाणी कमी होतं. बेट विषुववृत्ताच्या जवळजवळ वरच आहे. वर्षभर सहाच्या सुमाराला उजाडतं आणि सहाच्या सुमाराला मावळतं. बारा तासांच्या वर उजेड मिळत नाही, हे धरून चाल.

आता बेटाबद्दल थोडं. गालापागोस इक्वेडोरचं, पण त्या देशाच्या किनाऱ्यापासून साधारण हजार किलोमीटर समुद्रात. त्यातलं इसाबेला सगळ्यात मोठं, बाकी सगळी बेटं एकत्र केली तरी त्याच्याएवढी होत नाहीत. सहा ज्वालामुखी एकमेकांना चिकटून हे बेट झालं. त्यातला सिएरा नेग्रा हा गावाच्या, म्हणजे पुएर्तो वियामिलच्या, डोक्यावरच उभा आहे. त्याचं मुख जवळजवळ दहा किलोमीटर रुंद. २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली त्याचा उद्रेक झाला. म्हणजे तू ज्या दगडावर पाय ठेवशील तो तुझ्यापेक्षा वयाने लहानही असू शकतो.

तो दगड आपल्याला परका नाही, हे लेकीला जरूर सांग. सह्याद्रीचा काळा पत्थर आणि तिथला काळा पत्थर दोन्ही बेसाल्टच. आपला साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहून थंड झाला, त्यावर माती चढली, करवंदीच्या जाळ्या चढल्या. तिथे तोच दगड उघडा बघायला मिळतो. लाव्हा सावकाश वाहिला असेल तिथे दुधावरची साय बोटाने सरकवावी तशा वळ्या पडलेल्या दिसतील. तसल्या दगडावर नीट चालता येतं. दुसरा प्रकार मोडक्या, धारदार ढेकळांचा. त्यावर पडलीस तर कातडी सोलवटून निघते. टाचेला पट्टा असलेल्या, जाड तळाच्या सँडल घाल. साध्या चपला हॉटेलातच राहू देत.

हे झालं बेटाचं आणि दगडाचं. पण तुला मुख्य जे सांगायचंय ते वेगळं आहे. तिथले प्राणी माणसाला भीत नाहीत. हे तू वाचलं असशील, चित्रफितीतही बघितलं असशील, तरी प्रत्यक्ष समोर आल्यावर हात आपोआप पुढे जातो. धक्क्यावरच्या बाकावर सी लायन झोपलेला असतो आणि बाजूने माणसं बॅगा ओढत जात असतात. १८३५ साली डार्विन इथे आला तेव्हा त्याने बंदुकीच्या नळीने एका ससाण्याला फांदीवरून ढकललं, असं त्यानेच लिहून ठेवलंय. समुद्री इग्वानाला तर त्याने शेपटीला धरून पुन्हा पुन्हा पाण्यात फेकलं, आणि ते दर वेळी सरळ पोहत त्याच्याच पायाशी परत आलं. डार्विनचा तर्क असा की त्या प्राण्याला पाण्यात शार्कचं भय पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. जमिनीवर शत्रू नसतो, एवढीच त्याची समजूत. संकट आलं की किनारा गाठायचा. मग किनाऱ्यावरच संकट उभं असलं तरी तो तिथेच येतो.

मला ही गोष्ट फार आतपर्यंत लागते. आपल्याकडे कावळा, भेकर, माकड, सगळे आपापलं अंतर स्वतः राखतात. आपण एक पाऊल पुढे टाकलं की ते दोन मागे जातात आणि त्यांचं रक्षण होतं. इसाबेलावर त्यांनी ते काम आपल्यावर सोडलंय. म्हणून राष्ट्रीय उद्यानाचा नियम आहे की दोन मीटरांच्या आत जायचं नाही, हात लावायचा नाही, खायला द्यायचं नाही, फ्लॅश मारायचा नाही. दोन मीटर म्हणजे किती हे घरीच लेकीला पावलं टाकून दाखव. तिथे गेल्यावर सांगशील तर तिचं लक्ष तुझ्याकडे नसेल. आणि प्राणी स्वतःहून जवळ आला तर? तू सावकाश मागे हो. जागा नसेल तर हात अंगाशी घेऊन स्तब्ध उभी राहा. तो वास घेईल, बघेल आणि जाईल.

तयारी घरूनच सुरू कर, आणि ती पोहण्याच्या तलावात. तुला पोहता येतं म्हणून स्नॉर्केल जमेल, असं धरू नकोस. नाक बंद ठेवून नुसत्या तोंडाने श्वास घेणं शरीराला विचित्र वाटतं, आणि पहिली घाबरगुंडी त्याचीच असते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, चेहरा बुडवून, दहा-पंधरा मिनिटं फक्त श्वास घे. घेण्यापेक्षा सोडण्याकडे लक्ष दे, लांब आणि सावकाश. मग मुद्दाम स्नॉर्केलच्या नळीत पाणी येऊ दे आणि एका जोरदार फुंकरीने ते बाहेर टाक. हे अंगवळणी पडलं की समुद्रात लाट डोक्यावरून गेली तरी तू उभी राहायला जागा शोधणार नाहीस. लेकीला आणि तुझ्या नवऱ्यालाही हे करायला लाव.

मास्क विकत घे, भाड्याचा नको. दुकानात पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकव आणि नाकाने हलकासा श्वास ओढ. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुझा. केसांची एक बट जरी कडेखाली आली तरी पाणी शिरतं, म्हणून वेणी घट्ट घाल. जावईबापूंच्या मिशांमुळेही पाणी शिरेल. वरच्या ओठाची नाकाजवळची पट्टी तेवढी काढायला सांग, नाहीतर थोडं व्हॅसलीन लावायचं. तुला चष्म्याचा नंबर आहे. नंबरची काच असलेला मास्क मिळतो, तो आत्ताच मागव, नाहीतर कासव आलं तरी तुला हिरवा ठिपकाच दिसेल. नव्या काचेवर कारखान्यातला तेलकट थर असतो, तो साध्या पांढऱ्या टूथपेस्टने चोळून धू. पाण्यात उतरण्याआधी लहान मुलांच्या शाम्पूचा एक थेंब आतून फिरव आणि विसळून टाक, वाफ धरत नाही.

पाणी गार असतं. विषुववृत्तावरचं बेट म्हणून तू तारकर्ली-मालवणचं पाणी डोळ्यांसमोर आणशील, तर तसं नाही. दक्षिणेकडून हम्बोल्टचा थंड प्रवाह येतो. पश्चिमेकडून खोलवर वाहणारा क्रॉमवेलचा प्रवाह या बेटांच्या उतारांवर आपटून वर चढतो आणि तळाचं थंड, पोषक पाणी घेऊन येतो. जून ते नोव्हेंबर पाणी १८ ते २३ अंशांच्या आसपास असतं. जानेवारी ते मे ते २४-२५च्या पुढे जातं. सगळ्यांना वेटसूट घे, लेकीला तर नक्कीच, आणि ओठ निळे पडायची वाट न बघता तिला बाहेर काढ. पण त्या गारठ्याला नावं ठेवू नकोस. ते थंड पाणी आहे म्हणून शेवाळ आहे, मासळी आहे, इग्वाना आहेत, आणि विषुववृत्तावर पेंग्विन आहेत. एल निनोच्या वर्षी पाणी तापतं आणि शेवाळ मरतं. तेव्हा समुद्री इग्वाना उपाशी पडतात. काहींची तर लांबीसुद्धा कमी होते, म्हणजे हाडासकट प्राणी आखडतो, आणि चारा परत आला की पुन्हा वाढतो. शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं मोजमापं घेऊन हे सिद्ध केलंय. मला तरी याहून विलक्षण काही ठाऊक नाही.

उन्हाचं मात्र विसरू नको. पाण्यावर पालथं तरंगताना पाठ, मान आणि पोटऱ्या भाजून निघतात आणि गार पाण्यामुळे ते संध्याकाळपर्यंत कळत नाही. क्रीम थापण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचा अंगरखा आणि लांब पायांची तुमान बरी. त्याने अंग झाकतं आणि पाण्यात काही विरघळत नाही.

सांता क्रूझ बेटाहून इसाबेलाला वेगवान बोट येते, दोनेक तासांचा प्रवास, आणि ती आपटत येते. मागच्या बाजूला, मध्याच्या जवळ बस. क्षितिजाकडे बघत राहा, मोबाइलकडे नाही. उलटीची गोळी बोट सुटायच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, मळमळ सुरू झाल्यावर नाही. लेकीला किती द्यायची ते डॉक्टरांना विचारून ठेव. रिकाम्या पोटी निघू नका, पण तळलेलंही खाऊ नका. पैसे रोख ने, तिथे अमेरिकन डॉलर चालतात. उद्यानाचा प्रवेश परदेशी मोठ्या माणसाला २०० डॉलर आहे, ऑगस्ट २०२४पासून. सुट्ट्या नोटा जवळ ठेव.

आता पाण्यात उतरल्यावर.

पहिली पाच मिनिटं कुठेही जाऊ नकोस. पोटावर तरंगत श्वास संथ होऊ दे. जो पाण्यात धडपडतो त्याच्यापासून सगळे लांब जातात. जो ओंडक्यासारखा पडून राहतो त्याच्याभोवती पाच-दहा मिनिटांत मासळी परत येते. पायाला लावलेले पंख गुडघ्यातून मारू नकोस, मांडीतून हलव. आणि खाली उभी राहू नकोस. तळाला सी-अर्चिनचे काटे असतात, ते पायात मोडतात आणि निघता निघत नाहीत. वाळूत पाय टेकवायचाच असेल, किनाऱ्यावरून आत जाताना, तर पाऊल उचलून टाकू नको, वाळूतून घासत पुढे सरकव. आपले कोळी ज्याला पाकट म्हणतात तो मासा वाळूत अंग झाकून बसलेला असतो. पाऊल घासत आलं तर तो उठून जातो, वरून पडलं तर शेपटीचा काटा मारतो. अण्णा आम्हाला खाडीत असंच चालायला लावायचे.

कासव दिसलं की सगळे त्याच्या डोक्यावर जाऊन तरंगायला लागतात. तू बाजूला राहा. कासवाला श्वासासाठी वर यावं लागतं आणि वर माणसांचं छत असेल तर ते खालीच अडून राहतं. तीन-चार मीटर बाजूने, त्याच्याच वेगाने जा. ते दगडावरचं शेवाळ खात असेल तर नुसती थांब, ते तुला विसरतं.

सी लायनची पिल्लं आणि माद्या स्वतःहून येतील. तुझ्या चेहऱ्यासमोर उलटी होतील, पायाच्या पंखाला तोंड लावतील. तू हात छातीशी बांधून ठेव. पण मोठा नर ओळखायला शीक. दोन-अडीचशे किलोंचा, जाड मानेचा, कपाळावर उंचवटा असलेला, आणि किनाऱ्याला समांतर येरझाऱ्या घालणारा. तो त्याची हद्द राखत असतो. तो भुंकत तुझ्याकडे येऊ लागला तर त्याच्याकडे पाठ न करता, घाई न करता, त्याच्या हद्दीतून बाहेर पड. कोंचा दे पेर्लाकडे जाणाऱ्या खारफुटीतल्या लाकडी वाटेवरही सी लायन आडवे पसरलेले असतात. तिथे ओलांडून जायचं नाही. ते उठेपर्यंत थांबायचं, किंवा पुरेशी जागा असली तर कडेने. यात वेळ जातो. तो वेळ दिवसाच्या हिशोबात आधीच धरून ठेव.

पेंग्विनचा पाठलाग करून काही मिळत नाही. पाण्यात तो तुझ्या नजरेपेक्षा जलद. खडकाच्या जवळ, त्याच्यात आणि खडकात तू येणार नाहीस अशी तरंगत राहा. बारक्या माशांचा थवा एकदम घट्ट झाला की समज, तो आला.

लास तिंतोरेरासला मान्यताप्राप्त गाइडशिवाय जाता येत नाही, आणि ते उत्तम आहे. बंदरासमोरची ही छोटी खडकाळ बेटं. एका ठिकाणी लाव्हाच्या चिरेत पांढऱ्या टोकाचे शार्क दिवसा येऊन पडून राहतात, वरून स्वच्छ दिसतात. ते रात्री शिकार करतात. हा शार्क न पोहताही कल्ल्यांतून पाणी खेळवू शकतो, म्हणून असा निजून राहू शकतो. लेकीला भीती वाटली तर हे सांग. वाट दगडांनी आखलेली असते, तिच्याबाहेर पाऊल नको. जानेवारीपासून काही महिने इग्वाना वाळूत अंडी घालतात आणि ती जागा वरून ओळखू येत नाही. स्वतः इग्वानाही ओळखू येत नाहीत. काळ्या दगडावर काळे, एकमेकांच्या अंगावर पाय टाकून पडलेले. सकाळी अंग गार असतं तेव्हा ते हलतही नाहीत, म्हणून बघायचं आधी खाली आणि मग लांब. मधूनच नाकातून फवारा मारतात. खाण्याबरोबर पोटात गेलेलं मीठ ते असं बाहेर टाकतात, तेव्हा कॅमेऱ्याची काच त्यांच्या समोर धरू नकोस. आणखी एक बघ. तिथल्या दगडांवर फिकट पांढरी दगडफुलं धरलेली असतात. आपल्या गोड्या मसाल्यात पडतं तेही दगडफूलच. नुसत्या उघड्या लाव्हावर जीव पहिल्यांदा असा धरतो, आणि त्याच्यावर एक पाऊल पडलं तर कित्येक वर्षांचं काम पुसलं जातं.

दुपारी भूक लागली तर भात आणि मेनेस्त्रा मागा, डाळीचं किंवा घेवड्याचं दाटसर कालवण असतं, तुम्हाला चालेल. नळाचं पाणी पिऊ नका.

उरलेल्या वेळात अश्रूंच्या भिंतीकडे जाणारा रस्ता धर, सायकलने. गावापासून साधारण पाच-सहा किलोमीटर. १९४६ ते १९५९ इथे कैद्यांची वसाहत होती आणि त्यांच्याकडून लाव्हाच्या दगडांची ही भिंत रचून घेतली, कसलाही उपयोग नसलेली. कितीजणांचे जीव त्यात गेले. तिथे आवाज न करता उभं राहावं एवढंच म्हणते. पण रस्त्यावर दोन गोष्टींची काळजी घे. एक, जमिनीवरची मोठी कासवं वाटेत आडवी येतात. सायकलवरून उतर, आणि एखादं डोकं आत ओढून फुसकारलं तर तू फार जवळ गेली आहेस. खलाशांनी ही कासवं हजारोंनी बोटींवर भरून नेली, कारण अन्नपाण्याशिवाय ती महिनोन्‌महिने जिवंत राहायची आणि ताजं मांस मिळायचं. जी उरली त्यांची पिल्लं गावाजवळच्या प्रजननकेंद्रात वाढवून डोंगरावर सोडतात. ते केंद्र पायी जाण्यासारखं आहे, वाटेत फ्लेमिंगोंचं तळं लागतं.

दुसरी गोष्ट मान्सानीयोचं झाड. हिरव्या छोट्या सफरचंदासारखं फळ, गोड वासाचं, खाली पडलेलं. कासव ते खातं, पण माणसाला त्याचा चीकसुद्धा भाजतो. फळ उचलायचं नाही, पान तोडायचं नाही. पाऊस आला तर त्या झाडाखाली मुळीच उभं राहायचं नाही, ठिबकणाऱ्या पाण्यातूनही कातडीवर फोड येतात. पाट्या लावलेल्या असतात. लेकीला ते झाड गाइडकडून पहिल्याच दिवशी दाखवून घे, कारण मुलांचा हात फळाकडे आधी जातो.

पाण्याच्या बाटलीवर मॉकिंगबर्ड धीटपणे येऊन बसेल, बुचात पाणी मागेल. देऊ नको, कितीही वाटलं तरी. हाच पक्षी बेटागणिक थोडा थोडा वेगळा का, या प्रश्नाने डार्विनच्या विचाराला पहिली कलाटणी मिळाली, फिंच पक्ष्यांचा नंबर नंतरचा.

संध्याकाळी मास्क, वेटसूट, सँडल गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळत घाल. कान कोरडे कर, सर्दी असेल तर दुसऱ्या दिवशी पाण्याखाली बुडी मारू नकोस. मग सँडलच्या तळांच्या खाचा काडीने साफ कर, मोज्यांना चिकटलेली कुसळं काढ, बॅगेचे तळ झटक. एका बेटाची बी दुसऱ्या बेटावर गेली की तिथली झाडं मारू शकते. म्हणून विमानतळावर आणि बेटाबेटांमध्ये बोटीत चढताना सामान तपासतात. घरून निघतानाही ताजी फळं, अख्खे मसाले, बी-बियाणं बरोबर घेऊ नकोस, आणि जे खाण्याचं नेशील ते तपासणीच्या अर्जावर खरं लिही. लेकीचे खिसेही बघ. शंख, वाळू, लाव्हाचा खडा, काहीही आणायला बंदी आहे. तिला खडा हवाच असेल तर आल्यावर माझ्याकडे पाठव, मी तिला सिंहगडाच्या वाटेवर घेऊन जाते.